दोन पोळ्या म्हणजे किती? मधुमेह असलेल्यांचा आहार तपासताना

मधुमेह असलेल्या माणसाला ‘तुम्ही काय खाता?’ असं कधीच विचारू नका. उत्तर ठरलेलं असतं. ‘साधंच हो. वरण-भात, भाजी-पोळी. गोड तर मी सोडूनच दिलंय.’ हे खोटं नसतं, पण त्यातून कळत काहीच नाही. भात किती, पोळी कुणाच्या हातची, किती वाजता, त्याआधी पोटात काय गेलं होतं, यातलं एकही उत्तर त्या वाक्यात नाही.

मी ठाण्यात आहारतज्ज्ञ म्हणून काम करते. माझ्याकडे नौपाड्यातले निवृत्त बँकवाले येतात, वागळे इस्टेटमधले शिफ्टवाले येतात, बाळकूम-कोलशेतच्या आगरी घरांतल्या आज्या येतात, चेंदणी कोळीवाड्यातल्या बायका येतात, आणि हल्ली घोडबंदर रोडच्या टॉवरांमधली तिशीतली मुलंही येतात. या सगळ्यांच्या हातात बहुतेक वेळा कुठूनतरी मिळालेला एकच छापील तक्ता असतो. सकाळी ओट्स, दुपारी दोन पोळ्या, रात्री सूप. तो कुणी पाळत नाही, आणि पाळला नाही म्हणून बोलणी मात्र खावी लागतात. माझं म्हणणं एवढंच, की तक्ता देण्याआधी त्या घरात खरोखर काय आणि किती शिजतं ते मोजा. नव्याने या कामात आलेल्या मुलामुलींसाठी हे लिहिते आहे, पण घरात कुणाला शुगर असेल आणि वही घेऊन तुम्हालाच बसायचं असेल, तरी याच पद्धतीने जमेल.

आधी समोर कोण बसलंय ते बघा

साठीचे काका एकटेच आले तर त्यांच्याकडून दोन गोष्टी कळतात: चहा किती वेळा आणि बाहेरचं काय. भाजीत तेल किती पडतं, वरण घट्ट असतं की पातळ, हे त्यांना ठाऊकच नसतं. ‘ते हिला विचारा,’ म्हणतात. मग हिला बोलवा. जी व्यक्ती कणीक भिजवते आणि कुकर लावते ती समोर नसेल तर फोनवर तरी हवी. टॉवरांतल्या बऱ्याच घरांत स्वयंपाकाला मावशी येतात. त्या सकाळी तीन-चार घरं करतात आणि सगळीकडे त्यांच्याच हाताचं माप चालतं. त्यांना फोन लावायला संकोचू नका. ‘मावशी, कणीक किती भिजवता?’ याचं त्यांच्याइतकं नेमकं उत्तर घरातलं कुणी देत नाही.

सासूबाईंना शुगर आणि सोबत सून, असं असेल तर सुनेशी दोन मिनिटं वेगळं बोलावं. सासूसमोर ती ‘आई काही खातच नाहीत’ एवढंच म्हणणार.

आणि स्वतःचा चेहरा सांभाळा. ‘अरे बापरे, चार?’ असं एकदा तुमच्या तोंडून निघालं की पुढच्या वेळी चाराचे दोन होतात. शुगर तिथल्या तिथेच.

कालचा दिवस, उठल्यापासून

‘रोज काय खाता’ म्हटलं की माणूस आदर्श दिवस सांगतो. ‘काल’ विचारा. काल उठल्यावर तोंडात पहिलं काय गेलं, तिथून सुरुवात करा आणि रात्री दिवा मालवेपर्यंत जा. पहिल्या फेरीत मध्ये बोलायचं नाही, फक्त लिहायचं. पदार्थ आठवत नसतील तर दिवसातल्या घडामोडींचा आधार घ्या: अंघोळ, देवपूजा, कितीची लोकल, डबा, ऑफिसातला चहा, नातवाला शाळेतून आणणं. घटना आठवली की तिच्यामागून खाणं आठवतं.

दुसरी फेरी विसरलेल्या गोष्टींची. चहाबरोबर खारी की बटर? देवळात प्रसाद होता का? नातवाच्या ताटात उरलेलं कोण संपवतं? जेवणानंतर बडीशेप, तीत खडीसाखर? रात्रीच्या दुधात काय घालता? माझ्या अनुभवात या फेरीत जे निघतं, त्यातच अनेकदा शुगर लपलेली असते.

एक नमुना देते. पन्नाशीचे गृहस्थ, नोकरी फोर्टला, दुपारचा डबा अगदी शिस्तीचा, तरी रात्रीच्या जेवणाआधीचीच शुगर वर.

‘काल ठाण्याला कितीला उतरलात?’

‘सात दहाला.’

‘आणि घरी?’

‘आठ वाजले असतील.’

‘स्टेशनपासून घर पंधरा मिनिटांवर आहे ना तुमचं?’

मग जरा हसू, आणि मग वडापाव बाहेर आला. पिवळ्या चटणीसकट. पावातला मैदा, वड्यातला बटाटा आणि बेसन मिळून एका वडापावात साधारण ३५ ते ४० ग्रॅम कर्बोदकं, म्हणजे पचून रक्तात साखर होणारा भाग, होतात, तळणीचं तेल वेगळं. पण इथे वडापाव बंद करा म्हणण्याआधी घड्याळाकडे बघा. डबा एकला, त्यानंतर सहा तास पोटात दोन चहा. अशा भुकेने स्टेशनबाहेर आलेला माणूस कढईसमोरून सरळ जाणार नाही. त्यांच्या बॅगेत पाच वाजता खायला मूठभर फुटाणे किंवा एक पेरू असता तर गोष्ट वेगळी झाली असती. आहार तपासताना वेळा लिहायच्या त्या यासाठी.

एका दिवसावर निकाल देऊ नका. कामाचे दोन दिवस आणि एक रविवार घ्या. ठाण्यातला रविवार सोमवारपेक्षा फार वेगळा असतो. सकाळी मिसळ, दुपारी मटण किंवा मासळी, भात एरवीच्या दुप्पट आणि वर झोप. काल संकष्टी होती का, घरी पाहुणे होते का, हेही विचारून ठेवा.

भांडी मागवा

आता खरं काम. पुढच्या भेटीला घरची वाटी, भाताचा डाव, चहाचा कप आणि साखरेच्या डब्यातला चमचा घेऊन यायला सांगा. लोक हसतात, पण आणतात. तक्त्यांमध्ये वाटी सहसा १५० मिलिलिटरची धरलेली असते. प्रत्यक्षात १०० ची वाटी पाहिली आहे आणि अडीचशेची पण. वाटी काठोकाठ पाण्याने भरून स्वयंपाकघराच्या वजनकाट्यावर ठेवायची आणि वाटीचं वजन वजा करायचं. जितके ग्रॅम पाणी, तितके मिलिलिटर. काटा नसेल तर औषधाच्या बाटलीबरोबर येणारं मापाचं झाकण चालतं.

चमचा सपाट की शिगोशिग, हेही करून दाखवायला सांगा. सपाट चमचाभर साखर पाच ग्रॅमच्या आत-बाहेर. शिगेचा चमचा सहज दीडपट होतो, आणि ‘अर्धाच चमचा’ म्हणणाऱ्याचा चमचा पोह्यांचा निघतो.

पोळीसाठी पोळी मोजू नका, गोळा मोजा. भिजवलेल्या कणकेत पीठ साधारण साठ टक्के, बाकी पाणी. म्हणजे ४५ ग्रॅमचा गोळा असेल तर पीठ २७ ग्रॅम, आणि त्यातून १७-१८ ग्रॅम कर्बोदकं. फुलका याहून लहान, घडीची पोळी मोठी आणि पदरात तेल. त्यामुळे ‘दोन पोळ्या’ ही वेगवेगळ्या घरांत वेगवेगळी गोष्ट असते.

भाकरीचा फरक तर आणखी मोठा. बाळकूमच्या एक आजी तांदळाच्या भाकरीवर वाढलेल्या. ‘दोनच तर खाते गो,’ म्हणाल्या, आणि तळहात पसरून आकार दाखवला. त्यावरून अंदाज बांधण्यात अर्थ नव्हता. एका भाकरीला लागतं तेवढं कोरडं पीठ पिशवीत बांधून आणायला सांगितलं. पुढच्या खेपेला त्यांनी आणलं, पिशवीला गाठ मारून, वर रबर लावून. काट्यावर ७५ ग्रॅम भरलं. तांदळाच्या पिठात शंभराला ७८ च्या आसपास कर्बोदकं, म्हणजे एका भाकरीत ५८. दोन भाकऱ्या म्हणजे जवळपास साडेसहा पोळ्या, आणि त्यानंतर कालवणाबरोबर थोडा भात. आजींच्या हातातल्या तक्त्यात मात्र ‘पोळी २ किंवा भाकरी २’ असं एकाच ओळीत छापलेलं होतं. त्या तक्ता अगदी मनापासून पाळत होत्या!

त्यांना मासे बंद होतील याची धास्ती होती. मासे कशाला बंद करायचे? बांगडा, मांदेली, बोंबील यांत कर्बोदकं जवळपास नसतातच, प्रथिनं भरपूर. भाकरी एकावर आली, त्या जेवणातला भात गेला, ताटात वालाचं बिरडं आणि एक पालेभाजी वाढली. फक्त सुकट आणि सुक्या बोंबलांबद्दल वेगळं बोलावं लागलं, कारण त्यातलं मीठ, आणि आजींना ब्लड प्रेशरही होतं.

कुकरपासून ताटापर्यंत

अन्नघटकांचे तक्ते कच्च्या धान्याचे असतात, आणि माणूस सांगतो शिजलेलं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ मध्ये ५२८ भारतीय खाद्यपदार्थांचे तक्ते काढले. नाचणीपासून मासळीपर्यंत आपल्याकडचं बहुतेक सगळं त्यात सापडतं, पण आकडे १०० ग्रॅम कच्च्या मालाचे. म्हणून मी तीन गोष्टी विचारते: कुकरमध्ये किती घातलं, खाणारे किती, उरलं किती.

समजा १५० ची वाटी आहे आणि चौघांसाठी दोन वाट्या तांदूळ लावले. एका वाटीत साधारण १२० ग्रॅम तांदूळ, म्हणजे एकूण २४०. काही उरलं नाही आणि सगळ्यांनी सारखं खाल्लं तर माणशी ६० ग्रॅम तांदूळ, ४७ ग्रॅम कर्बोदकं. पण सारखं कुणी खात नाही, म्हणून ‘यातला तुमचा वाटा अर्धा की पाव?’ हा पुढचा प्रश्न. वाडा कोलम आहे की बासमती, यापेक्षा हा वाटा कितीतरी महत्त्वाचा.

शिजलेल्या भातावरून मोजायचं तर सपाट, मोकळी भरलेली वाटी धरा. तिच्यात ३० ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं. आपल्याकडे मात्र भात वाटीत दाबून मूद पाडतात, वर वरण, वर तूप. दाबलेल्या मुदीत तीच वाटी ४० च्या पुढे जाते. ‘एकच मूद’ असं सांगणाऱ्याचं म्हणणं खरंच असतं. मग ‘ताकाला वेगळा भात घेता का?’ हे विचारा.

वरणाचं उलटं. ‘वरण रोज असतं’ म्हणजे प्रथिनं मिळाली असं धरू नका. पातळ वरणाच्या वाटीत तूरडाळ १५-२० ग्रॅम असेल तर प्रथिनं चारेक ग्रॅमच. मटकी, चवळी, मसूर यांची घट्ट उसळ असली तर दुप्पट धरायला हरकत नाही. शाकाहारी घरांत पोळी-बटाट्याची भाजी-वरण-भात असं ताट जवळजवळ सगळंच कर्बोदकांचं असतं आणि घरच्यांना ते ‘हलकं जेवण’ वाटतं. फक्त प्रथिनं वाढवायला सांगण्याआधी क्रिएटिनिनचा, म्हणजे किडनीचं काम कसं चाललंय ते सांगणारा, रिपोर्ट बघा. किडनीवर परिणाम झाला असेल तर प्रथिनं किती हे डॉक्टरांशी बोलून ठरवायचं.

नाश्त्याचे आकडे पाठ असू द्या. ६० ग्रॅम कोरडे पोहे, ४५ ग्रॅम कर्बोदकं, बटाटा घातला तर आणखी. त्याच वजनाचा साबुदाणा ५० च्या वर, आणि त्यात प्रथिनं नावालाही नाहीत. जी काही येतात ती दाण्याच्या कुटातली. वेलची केळं १०-१२ ग्रॅम, मोठं केळं त्याच्या दुप्पट.

वाण्याची यादी खोटं बोलत नाही

तेल, साखर, मीठ यांचा अंदाज कुणालाच सांगता येत नाही, सांगू पण नये. महिन्याचं सामान विचारा. पाच माणसांच्या घरात १५ किलोचा डबा दोन महिने पुरतो, तर माणशी रोज ५० ग्रॅम तेल. हवं असतं २० ते ३० च्या दरम्यान. ‘आमच्याकडे तेल अगदी कमी’ म्हणणाऱ्या घराचा हिशोब असा मांडून दाखवला की वाद होत नाही, आकडा त्यांचाच असतो.

चार माणसांत महिन्याला पाच किलो साखर, म्हणजे माणशी रोज ४० ग्रॅमच्या वर. मधुमेह असलेल्याने सोडली असेल तर बाकी तिघं आणखी जास्त खातात, आणि त्यांच्याही तपासणीची वेळ झालेली असते. त्याच घरात महिन्याला मीठ किलोभर लागत असेल तर माणशी रोज आठ ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना पाचच्या आत ठेवायला सांगते. लोणची-पापड या हिशोबात नाहीत.

गुळाची चौकशी वेगळी करा. साखर बंद करून चहात गूळ घालणारी घरं ठाण्यात गल्लोगल्ली आहेत. रक्तातल्या शुगरसाठी दोन्ही एकच. तसंच ‘नाचणी चालते ना?’ चालते. कॅल्शियम भरपूर, तंतूही चांगले, पण कर्बोदकं गव्हाइतकीच, आणि भाकरीऐवजी गाळलेल्या सत्त्वाची पातळ पेज प्यायली तर शुगर भरभर चढते. मेथीदाणे, कारल्याचा रस, जांभळाच्या बियांची पूड यांबद्दल विचारा आणि लिहून ठेवा. हसू नका. डॉक्टरांना हे कुणीच सांगितलेलं नसतं.

उपास आणि गोळ्या

या भागात घाई नको. आहाराच्या वहीत औषधांचा रकाना हवाच: गोळीचं नाव, वेळ, जेवणाआधी की नंतर. ग्लिमेपिराइडसारखी शुगर उतरवणारी गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल आणि माणूस श्रावणी सोमवारी दिवसभर उपाशी राहून संध्याकाळी उपास सोडत असेल, तर दुपारी शुगर खाली जाऊ शकते. दरदरून घाम, हात थरथरणं, भलतंच बोलणं. मशीनवर ७० च्या खाली दिसलं तर तीन चमचे साखर पाण्यातून, आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासणी. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, थेट हॉस्पिटल.

‘उपासाला चक्कर येते, अशक्तपणा असतो,’ असं कुणी म्हणालं तर ते भक्तीच्या खात्यात टाकू नका. कोणत्या गोळीनंतर किती वाजता येते, ते विचारा. आणि उपास सोडा असं म्हणायचा अधिकार आपल्याला नाही, पण वेळ आणि पदार्थ बदलता येतात. साबुदाण्याच्या खिचडीऐवजी वरीचा भात बेताने, दाण्याची आमटी, काकडीची कोशिंबीर, ताक. उपासाआधी डॉक्टरांना विचारून गोळीचं ठरवून घ्यायचं. हेच एरवीही लागू: भात निम्मा करायला सांगणार असाल आणि इन्सुलिन तेवढंच राहणार असेल, तर आधी डॉक्टरांशी बोला.

मशीनला कामाला लावा

बहुतेक घरांत ग्लुकोमीटर असतो आणि तो सकाळी उपाशीपोटीच वापरला जातो. त्यातून जेवणाबद्दल फारसं कळत नाही. एखाद्या जेवणाची जोडी घ्यायला सांगा: पहिल्या घासाआधी एक आणि पहिल्या घासापासून दोन तासांनी दुसरी. शेजारी ताटात काय होतं ते घरच्या मापात. एकदा नेहमीचं जेवण, दुसऱ्या दिवशी तेच जेवण पण भात मोजून एक सपाट वाटी आणि भाजी-उसळ आधी खाऊन. फरक त्यांना स्वतःच्या बोटाच्या रक्तातून दिसतो, मला व्याख्यान द्यावं लागत नाही.

व्हॉट्सअॅपवर ताटाचे फोटो मागवत असाल तर ताटाशेजारी चमचा ठेवायला सांगा, आकार कळतो. आणि फोटो दोन हवेत, वाढल्यावर एक, दुसऱ्यांदा वाढून घेतल्यावर एक. पहिलं ताट सगळ्यांचंच देखणं असतं.

कमी खाणाऱ्यांकडेही लक्ष असू द्या. शुगरच्या भीतीने दोन फुलके आणि दुधी भोपळ्यावर दिवस काढणाऱ्या आज्या असतात, कवळी बसत नाही म्हणून उसळ सोडलेली असते, वजन उतरत चाललेलं असतं आणि घरचे ‘शुगर कंट्रोलमध्ये आहे’ म्हणून खूश असतात. त्यांचं वजन दर भेटीला घ्या. मऊ शिजवलेली मुगाची खिचडी, दही, अंडं चालत असेल तर अंडं, याची चौकशी आधी करा. कमी काय करायचं ते नंतर.

सगळं झाल्यावर कागदावर दोनच बदल लिहायचे, त्यांच्या भांड्यांत. ‘कर्बोदकं कमी करा’ असं नाही. ‘रात्री भाताचे दोन डाव होते, आता एक, पाच वाजता बॅगेत फुटाणे.’ पावसाळ्यात येऊरच्या बायका टोपल्यांतून कर्टोली, टाकळा, भारंगी घेऊन बसतात, तेव्हा भाजीचा रकाना भरणं सोपं जातं. त्या दिवसांत मी तिसरा बदलही लिहून टाकते.

मे महिन्यात मात्र वही पुन्हा पहिल्यापासून भरावी, कारण मार्चमधली माहिती तेव्हा निरुपयोगी होते. मध्यम हापूसच्या एका फळात साल-कोय वगळून दीडशे ग्रॅम गर निघाला, तर २० ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं. म्हणजे आंबा खायचा असेल तर त्या जेवणातली एक पोळी त्याच्या नावाने वजा करता येते. आमरसाची वाटी असेल तर वाटीचं माप, साखर घातली का, आणि बरोबर पोळ्या होत्या की पुऱ्या, हे तिन्ही विचारा.